"आपलं घर आपल्यासोबत आहे, मग त्यांना कसला त्रास?"

पत्र:

ताई, आम्ही दोघं नवरा-बायको गेले अडीच महिने अमेरिकेत आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतोय. ३१ फुटी मोटरहोम आहे, मागे छोटी गाडी वगैरे बांधलेली नाही, अजून तीन महिने फिरायचंय. आता वाटेत नवऱ्याच्या कॉलेजच्या मित्राचं घर लागतंय, डोंगरात, साधारण साडेआठ हजार फुटांवर. मित्र म्हणतो गाडी थेट दारात आणा, आठवडाभर रहा, रस्ता एकदम मस्त आहे. नवरा तेव्हापासून हवेत आहे. मला मात्र धाकधूक वाटतेय. एक तर तो रस्ता. दुसरं म्हणजे मित्राची बायको, तिला मी आयुष्यात दोनदा भेटलीये, फोनवर ती "हो हो, या ना" म्हणाली पण त्या "ना"मध्ये काही जीव नव्हता. आणि तिसरं, मागच्या महिन्यात माझ्या एका मैत्रिणीकडे तीन दिवसांसाठी गेलो आणि नऊ दिवस राहिलो, निघताना ती गेटपर्यंतसुद्धा आली नाही. नवऱ्याला हे बोलून दाखवलं की तो म्हणतो, आपलं घर आपल्यासोबत आहे, आपण त्यांच्या बेडवर झोपत नाही की त्यांचं बाथरूम वापरत नाही, मग त्यांना कसला त्रास? मला यावर उत्तर सुचत नाही. जावं की नको?

— चाकांवरची गृहिणी

उत्तर:

जा, नक्की जा. पण गाडी खाली ठेवून जा, आठवड्याच्या ऐवजी तीन रात्री जा, आणि यायची तारीख सांगायच्या आधी निघायची तारीख सांगा. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल, पुढे मी बरंच बोलणार आहे कारण ही चूक मी स्वतः करून बसलेली बाई आहे.

आधी तुमच्या नवऱ्याचं ते वाक्य घेते. वाक्य एकदम बिनतोड वाटतं, आमच्याकडेही हेच वाक्य होतं, फक्त आमच्याकडे ते मी बोलायचे. आम्ही एका मित्राकडे डोंगरातच गेलो होतो, दोन दिवसांसाठी, राहिलो सहा. त्यांच्या दारापुढची जागा म्हणजे गॅरेजसमोरचा एक निमुळता पट्टा, तिथे आमचं हे धूड उभं केलं, आणि "आम्ही आमच्याच घरात झोपतोय हं, तुम्ही काही करू नका" असं दिवसातून चारदा म्हणायचे मी. पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या पायरीवर मित्राचे बूट दिसले, चिखलाने भरलेले, आतून बाहेरून ओले. तेव्हा कळलं की आमच्या गाडीमुळे त्याची कार गॅरेजमधून निघतच नव्हती, म्हणून तो पहिल्याच रात्री ती खाली मुख्य रस्त्याच्या कडेला लावून आला होता आणि रोज पहाटे पावसात तेवढं अंतर चालत जाऊन कामावर जात होता. एका शब्दाने बोलला नाही. आणि आम्ही रोज नऊला पडदा सारून "काय सुंदर हवा आहे" म्हणत होतो!

तर उत्तर हे आहे की घर तुमच्यासोबत असतं, पण घराला जे लागतं ते नसतं. वीज त्यांची, पाणी त्यांचं, जागा त्यांची, वायफाय त्यांचं, कचऱ्याचा डबा त्यांचा. डोंगरातल्या घरात तर यातली प्रत्येक गोष्ट मोजून मापून असते.

विजेचंच बघा. तुमच्या साइजच्या गाडीला बहुतेक ३० अँपिअरची लाइन लागते, कधी ५०ची. मित्राच्या गॅरेजच्या भिंतीवर असतो साधा घरगुती सॉकेट, १२० व्होल्टचा, १५ अँपिअरचा. म्हणजे सगळा मिळून १८०० वॅट, आणि सतत ओढायचं तर त्याच्या ८० टक्केच धरायचे, म्हणजे १४४० वॅट. तुमचा छतावरचा एसी एकटाच यातलं बहुतेक सगळं खातो. त्यात मायक्रोवेव्ह लावला की फट्, ब्रेकर पडला. आणि तो ब्रेकर फक्त तुमचा नसतो, त्याच लाइनवर गॅरेजमधला त्यांचा फ्रीझर असतो, जो बंद पडलाय हे कुणाला दोन दिवस कळत नाही. (हो, हेही आमच्याकडून झालंय, नका विचारू.) आणि बारीक एक्स्टेंशन वायर लावलीत तर ती तापते, प्लग हाताला चटका बसेल इतका गरम होतो, तेव्हा लावायचीच असेल तर जाड वायर, ती पूर्ण उलगडून, आणि फक्त बॅटरी चार्जिंगपुरती.

पाणी. डोंगरातल्या बऱ्याच घरांना नगरपालिकेचं पाणी नसतं, स्वतःची विहीर किंवा बोअर असते आणि काही बोअर तासाला अगदी थोडं पाणी देतात. तुमच्या गाडीची टाकी भरायला दीडशे-दोनशे लिटर लागणार, तुम्ही पाइप लावून गप्पा मारत बसाल आणि आत त्या बाईचा नळ फुसफुसायला लागेल. तेव्हा वर जायच्या आधी खालीच टाकी भरून घ्या. सांडपाण्याचं तर याहून नाजूक आहे. अशा घरांना सेप्टिक टँक असतो, तो बॅक्टेरियावर चालतो, आणि आपण आरव्हीच्या टॉयलेटमध्ये जी वास घालवायची औषधं ओततो त्यातली काही त्या बॅक्टेरियाला मारतात. वरून एकदम शंभर-दीडशे लिटर घाण एका दमात सोडली तर टँकमधला गाळ हलतो आणि पुढे जमिनीत जिरायच्या पाइपात जाऊन बसतो. मित्र "अरे सोड ना आमच्या टँकमध्ये, काय होतंय" म्हणेलही, मित्रच तो, पण सोडू नका. डंप स्टेशनवर, म्हणजे आरव्हीचं सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी, रिकामं करून जा, परत येऊन डंप स्टेशनवरच रिकामं करा. ग्रे टँकचं साबणाचं पाणी झाडाला घालतो म्हणून गुपचूप अंगणात सोडणं हा प्रकारही नको, बऱ्याच ठिकाणी तो गुन्हा आहे आणि वासाने प्राणी येतात ते वेगळंच.

आता रस्ता, ज्याची तुम्हाला भीती वाटते आणि अगदी बरोबर वाटते.

"रस्ता मस्त आहे" हे वाक्य ज्याने म्हटलं तो त्या रस्त्यावरून कारने जातो. त्याला रस्ता खरंच मस्त वाटतो, तो खोटं बोलत नाहीये. पण ३१ फुटी गाडी वळणावर मागचं चाक आत कापत जाते, मागच्या चाकांच्या मागे लोंबणारा भाग बाहेर झुलतो, छतावरचा एसी धरून उंची ११-१२ फूट होते, आणि कारवाल्याने आयुष्यात कधी वर बघून फांद्या मोजलेल्या नसतात. मोठ्या घाटांवर निदान बोर्ड असतात. अमेरिकेतल्या ग्लेशिअर नॅशनल पार्कमधला गोइंग-टू-द-सन रोड घ्या, त्याच्या वरच्या पट्ट्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरसे धरून ८ फुटांपेक्षा रुंद गाडी सोडतच नाहीत. कोलोरॅडोतल्या इंडिपेन्डन्स पासवर ३५ फुटांच्या वरच्या गाड्यांना बंदी आहे. तिथे निदान कुणीतरी मोजून बोर्ड लावलाय. मित्राच्या घराकडे जाणाऱ्या शेवटच्या दोन मैलांवर असा बोर्ड कोण लावणार? आणि फोनमधला मॅप तुम्हाला कार समजूनच नेतो.

म्हणून मित्राला "रस्ता कसा आहे" हे विचारूच नका. हे विचारा: कचऱ्याचा मोठा ट्रक तुमच्या दारापर्यंत येतो का, की खालच्या कोपऱ्यावर थांबतो? गॅसचा टँकर येतो का? बर्फ काढायचा प्लाऊ तिथे वळतो की रिव्हर्स जातो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या दारात ३१ फुटी गाडी वळवून परत तोंड खाली करता येईल का? यातल्या एकाला जरी "तसं बघितलं नाही कधी" असं उत्तर आलं तरी तुमचं उत्तर मिळालं. डोंगरात अर्धा मैल रिव्हर्स यायचा प्रसंग तुमच्या संसारावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं. एक मागे उभा राहून हात हलवतोय, दुसऱ्याला आरशात हात दिसत नाहीये, आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा मुद्दाम करतोय.

चढताना गाडी दमणार हे गृहीत धरा. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे साडेआठ हजारांवर पाव ताकद गेली. जनरेटरचंही तेच, हवा पातळ म्हणून तो धूर काढतो, कुरकुरतो, काहींवर उंचीप्रमाणे फिरवायचा नॉब असतो तो बघून घ्या. पण चढण फक्त कंटाळवाणी असते, घाबरायचं ते उतरताना.

नवऱ्याला हा हिशोब वाचून दाखवा, इंजिनिअर असेल तर लगेच पटेल. सात टनांची गाडी एक किलोमीटर उंचीवरून खाली आणायची म्हणजे जी ऊर्जा कुठेतरी जिरवायची ती होते जवळजवळ १९ युनिट विजेएवढी. दोनशे लिटर गार पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता! थोडी हवा खाते, थोडी टायर, बाकीची एक तर इंजिन खाईल किंवा ब्रेक खातील. तुम्ही ऑटोमॅटिक गिअर नेहमीच्या डी मध्ये ठेवून पाय ब्रेकवर दाबून उतरलात तर बाकीची बहुतेक सगळी ब्रेकमध्ये जाते, मग तो जळका वास येतो, मग पेडल मऊ लागायला लागतं, आणि मग काय होतं ते सांगायला मी इथे बसलेय कारण आम्हाला वासाच्या टप्प्यावर एक मोकळी जागा मिळाली. तासभर थांबलो. चाकाजवळ हात नेला तर लांबूनच धग लागत होती. तर गिअर उतार सुरू व्हायच्या आधी खाली घ्या, मध्यावर नाही, टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठी गिअर खाली धरून ठेवणारं बटण) असेल तर चालू करा, वेग सुरक्षित मर्यादेपर्यंतच वाढू द्यायचा, मग ब्रेक नीट दाबून ताशी आठ-दहा किलोमीटर कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा, ब्रेकला श्वास घ्यायला द्यायचा. मागे रांग लागली तर लागू दे. जागा मिळाली की बाजूला होऊन सोडा त्यांना.

हे सगळं करून वर पोहोचलात तरी गंमत संपत नाही, कारण डोंगरात सपाट दार कुणाचंच नसतं. आरव्हीतला गॅसवर चालणारा जो फ्रिज असतो त्यात कॉम्प्रेसर नसतो, आतला अमोनिया उष्णतेवर आणि गुरुत्वाकर्षणावर फिरतो, गाडी जास्त तिरकी उभी राहिली की तो अडकतो आणि असं फार वेळ चाललं तर युनिट कायमचं जातं. मग लेव्हल करायला तुम्ही जॅक लावणार. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, बहुतेक मोटरहोमचा पार्किंग ब्रेक फक्त मागच्या चाकांना किंवा मागे जाणाऱ्या शाफ्टला धरतो, उतारावर मागची चाकं जॅकने उचललीत तर गाडीला धरायला काहीच उरत नाही. मागची चाकं जमिनीवरच राहू द्या, सगळ्या चाकांना चॉक, म्हणजे अडवायचे ठोकळे, लावा. नाहीच सपाट झालं तर मुक्काम नको.

एवढं वाचून तुमच्या लक्षात आलं असेल की मी गाडी खाली ठेवा का म्हणतेय. पायथ्याच्या गावात, जिथे उंची पाच-सहा हजार फूट असेल, एक कॅम्पग्राउंड बघा, फुल हुकअप वाला (म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेला), तिथे गाडी लावा आणि दोन-तीन दिवसांसाठी एक छोटी कार भाड्याने घ्या. मित्राला खाली न्यायला-सोडायला बोलावू नका, तो येईल आनंदाने, पण डोंगरातल्या माणसाचा अर्धा दिवस त्यात जातो. कारचे पैसे नवऱ्याला टोचतील, "फुकटात पार्किंग मिळत असताना" वगैरे. एक आरसा तुटला, एक फांदी छताला घासून गेली की काय खर्च येतो तो त्याला माहीत आहे, अडीच महिने झालेत तुम्हाला, एव्हाना एकदा तरी झालं असेलच.

खाली राहायचा आणखी एक फायदा तुमच्या शरीराला आहे. समुद्रसपाटीच्या बाजूने येणारा माणूस एकदम आठ हजार फुटांच्या वर झोपला की काहींना पहिल्या-दुसऱ्या रात्री डोकं दुखतं, मळमळतं, झोप तुटत राहते. आपण म्हणतो प्रवासाचा शीण. खाली एक-दोन रात्री काढून गेलात तर बराच फरक पडतो. वर पहिल्या दिवशी फार चढ-उतार नको, दारू नको किंवा अगदी थोडी, पाणी पीत रहा. मित्र उत्साहाने पहिल्याच सकाळी ट्रेकला काढेल, त्याला उद्या म्हणा. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट बघत बसायचं नाही, लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर निघायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. बाकी किरकोळ गंमती होतील, पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळेल त्यामुळे शिजायला वेळ लागतो, हवाबंद पाकिटं उशीसारखी फुगतात, आणि शॅम्पूची बाटली सिंकवर धरून हळू उघडा, माझी बॅगेत फुटली होती.

आता त्या "या ना"कडे येते, कारण तुमच्या पत्रात खरी गाठ तीच आहे, रस्त्याचं काय, रस्त्याचे नियम असतात.

डोंगरात सुंदर जागी जे लोक राहायला जातात त्यांच्याकडे उन्हाळाभर माणसं येतात. प्रत्येकाला वाटतं आपण वर्षातून एकदाच जातोय, तेही खरंच असतं, पण असे दहा-बारा "एकदाच" वाले मिळून त्या घराचे तीन महिने जातात. आमंत्रण देणारा असतो कॉलेजचा मित्र. चादरी कोण बदलतं, संपलेलं सामान आणायला तासभर गाडी चालवून खाली कोण जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती तुमच्यावर नाराज आहे असं मला अजिबात वाटत नाही, ती तुम्हाला ओळखतच नाही. ती बहुधा मनात आठवडे मोजत असेल.

म्हणून हा बेत दोन मित्रांच्या फोनवर ठरू देऊ नका. तुम्ही तिला फोन करा, थेट तिला, आणि नवरे स्पीकरवर नकोत. "आम्ही आलो तर चालेल ना" असं विचारू नका, त्याला "हो" शिवाय उत्तरच नसतं, नाही कोण म्हणेल? सरळ सांगा की आम्ही खाली कॅम्पग्राउंडला राहतोय, गुरुवार ते रविवार, रविवारी सकाळी निघतोय, पुढचं बुकिंग झालंय (आणि खरंच करून टाका ते बुकिंग), शुक्रवारी अकरानंतर येऊ आणि अंधाराच्या आत उतरू, शनिवारी तुम्हा दोघांना खाली आमच्याकडे यायचंय, बसायला चार खुर्च्या आहेत. मग गप्प बसा. ऐका तिचा आवाज. माझा अंदाज आहे की तिथे एक सुस्कारा येईल आणि मग ती स्वतःहून म्हणेल की अहो एक रात्र तरी वर रहा की. तसं म्हणाली तर एक रात्र रहा, त्यांच्या पाहुण्यांच्या खोलीत, एक छोटी बॅग घेऊन, माणसासारखं. म्हणाली नाही तर नाही.

आणि तिला विचारा, वर येताना खालून काय आणू? "काहीच नको" म्हणेल. "फार्मसी आणि हार्डवेअरच्या दुकानावरूनच येतोय" असं म्हणून बघा, हमखास काहीतरी निघतं, बल्ब, पाण्याचा फिल्टर, कुत्र्याचं औषध. भेटवस्तूपेक्षा हे बरं, भेटवस्तू ठेवायला जागा शोधावी लागते. वर गेल्यावर तिथले नियम मुकाट पाळा, कचरा बाहेर ठेवू नका म्हणाली तर अस्वलं येत असतील, गाडीत खाण्याचं काही सोडू नका म्हणाली तर तेच कारण, शेगडी-शेकोटी नको म्हणाली तर वणव्याचे दिवस असतील. आमच्या ह्यांनी एकदा "एवढ्याशा निखाऱ्याने काय होतंय" म्हणून ज्ञान पाजळलं होतं, त्या घरच्या माणसाने शांतपणे समोरच्या डोंगरावरची काळी झाडं दाखवली.

रविवारी सकाळीच निघा, बोलण्यात दुपार करू नका. डोंगरात उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात, विजा, गारा, आणि ओल्या उतारावर असणं तुम्हाला नको. रविवारचं हवामान खराब सांगत असेल तर शनिवारीच निघा. "अजून एक दिवस थांबा, साफ होईल" यातूनच आमचे दोनाचे सहा दिवस झाले होते.

आता नऊ दिवसांचं. तुम्ही स्वतःला फार टाकून बोलू नका. अडीच महिने रोज जागा बदलायची, रोज नवी पाण्याची तोटी शोधायची, शेजारी रोज नवे, आणि मग अचानक एक ओळखीचा चेहरा आणि न हलणारी जमीन मिळते, पाय निघत नाही हो. मीही त्यातून गेलेय. लांबच्या प्रवासात आपल्या कॅलेंडरमधून सोमवार गेलेला असतो. त्यांचा गेलेला नसतो. तुमच्या मैत्रिणीने त्या नऊ दिवसांत एक अख्खा कामाचा आठवडा तुमच्यासमोर हसत काढला, सकाळी आवरताना, रात्री भांडी घासताना, आणि शेवटी तिच्यात गेटपर्यंत यायचीही ताकद उरली नसेल. दुसरं काही कारण असेल तर ते तिलाच माहीत, पण मी असते तर माझं तरी हेच झालं असतं.

खरं म्हणजे तुमच्यासारख्यांनी दर दोन-तीन आठवड्यांनी एका कॅम्पग्राउंडला सलग आठ दिवस नुसतं पडून राहावं. कुणाला भेटायचं नाही, काही बघायचं नाही, कपडे धुवायचे, झोपायचं. विश्रांती तिथे घेतली की मित्रांच्या घरी ती घ्यायची वेळ येत नाही. हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं.

आणि मैत्रिणीला आज मेसेज टाका, डोंगरातून फोटो पाठवत बसायच्या आधी. लांबलचक नको, स्पष्टीकरण नको, "तू बोलली का नाहीस" तर अजिबात नको. "तीन म्हणून आलो आणि नऊ राहिलो, तुझा आख्खा आठवडा गेला, तेव्हा कळलं नाही, आता कळतंय, सॉरी." एवढंच. तिचं उत्तर लगेच आलं नाही तर दुसरा मेसेज टाकू नका, तिलाही थोडे दिवस लागू द्या.